कोरडं फडकं

तळवडे,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

चि. योगिनीस,
आप्पांचे आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. मिनल चौथी पास झाल्याचं तू मे महिन्यात कळवलंस आणि मी ऑगस्टमध्ये शाबासकी देतोय. एव्हाना तिची पाचवीची चाचणीसुद्धा झाली असेल. तीन वेळा लिहायला बसलो. एकदा पेन चालेना, एकदा लाइट गेली, आणि तिसऱ्यांदा काहीच झालं नव्हतं तरी उठलो.

फोनवर मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. मी 'जेवलीस का' विचारतो, तू 'हो' म्हणतेस, मग समोरचा कधी ठेवतोय याची दोघंही वाट बघतो. म्हणून पत्र. सातवी शिकलेल्या माणसाचं आहे, चुका सांभाळून घे.

कराडला नदीचं पाणी वाढल्याचं ऐकलं. तुमच्या गल्लीत येतं का? तू शिकवतेस त्या शाळेच्या मैदानाच्या कडेला विजेचा डांब आहे असं तू मागे म्हणाली होतीस. खेळाच्या तासाला पोरींना त्याच्याजवळ जाऊ देऊ नकोस. पावसात लोखंडाचा भरवसा नसतो. गॅसची नळी बदलून किती वर्षं झाली तेही बघून घे. जावईबापूंना नमस्कार सांग.

आता मूळ गोष्ट. मी पळतो. रोज सकाळी साडेपाचला, हाफ पँट घालून, सहासष्टाव्या वर्षी.

सुरुवात कुत्र्याने केली. तुझी आई गेल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून मी आणि मीरासाहेब रोज चालायचो. खालच्या गल्लीतले गॅरेजवाले मीरासाहेब, तुझ्या सायकलची चेन पडली की बसवून द्यायचे ते. एका सकाळी वळणावर कुत्रं अंगावर आलं आणि मी पळालो. मीरासाहेब मागून ओरडत होते, "हिंदुराव, कुत्रं परत गेलं, थांबा आता." मी थांबलो तेव्हा तीन खांब ओलांडले होते. छातीला हात लावून उभा राहिलो. काहीही झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच जागेपासून पुन्हा पळालो. कुत्रं झोपलेलं होतं.

तेव्हापासून मीरासाहेब स्कूटरवर मागे येतात. त्यांचे गुडघे गेलेत. पाण्याची बाटली, साखर-मीठ आणि टोमणे एवढं सामान त्यांच्याकडे असतं.

मी अंतर खांबांवर मोजायचो. आमच्या कंपनीच्या आतल्या रस्त्यावर दिव्याचे खांब शंभर फुटांवर होते, टेपचं एक टोक मी स्वतः धरलं होतं. बाहेरचेही तेवढ्यावरच असणार असं मी धरून चाललो. घरापासून निघोज्याच्या बाजूला जाऊन परत येईपर्यंत तीनशे तीस खांब, म्हणजे दहा किलोमीटर. त्याला मला दोन तास लागायचे.

१४ सप्टेंबरला चिंचवडला मॅरेथॉन आहे. पूर्ण नाही, अर्धी, एकवीस किलोमीटरची. मीरासाहेबांनी त्याचा कागद आणून माझ्यापुढे ठेवला. सव्वातीन तासांत संपवायची, नंतर रस्ता गाड्यांना मोकळा करतात. माझ्या वेगाने सव्वाचार तास लागले असते. मी कागदाची घडी घालून तो खिडकीच्या फटीत अडकवला, तिथून पाऊस आत येतो म्हणून.

मग एक दिवस मीरासाहेबांची स्कूटर बंद पडली आणि ते त्यांच्या मुलाची, एहसानची, नवी गाडी घेऊन आले. स्कूटरचं मीटर कधीचंच बंद होतं; या गाडीचं परत आल्यावर बघतात तर चौदा पॉइंट आठ. मी म्हणालो, मीटर बिघडलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. तिसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेलो आणि दोन खांबांमधलं अंतर मोजलं. जवळजवळ दीडशे फूट भरलं. मीरासाहेब गाडीवर बसून हसत होते. म्हणाले, "लोक मापात मारतात ते गिऱ्हाइकाला. तुम्ही स्वतःलाच मारलंत राव."

म्हणजे मला वेळ पुरतो, योगिनी. जेमतेम नाही, वर वीस मिनिटं उरतात. तो कागद मी खिडकीतून काढला आणि इस्त्रीखाली धरला.

पासष्टच्या वरच्या माणसाला डॉक्टरचा दाखला लागतो आणि मुलाची किंवा मुलीची सही लागते, आमची हरकत नाही म्हणून. दाखला मिळाला. नाडी बघताना डॉक्टरांनी मला दोनदा वय विचारलं. राहिली सही.

धनेश मारुंजीहून रविवारी येतो. त्याच्यापुढे फॉर्म ठेवला. त्याने वाचला आणि पालथा घातला. मग म्हणाला, "आप्पा, पावसाचे दिवस आहेत. घसरून पाय मोडला तर कोण बघणार? आणि अर्ध्या चड्डीवर चौकातून पळताना लोक काय म्हणतील?"

त्याला वाईट म्हणू नकोस. माझाच मुलगा आहे, म्हणून भित्रा आहे. जाताना तो माझे बूट गाडीच्या डिकीत टाकून घेऊन गेला, न सांगता. मी पुढचे चार दिवस जुन्या कॅनव्हासच्या बुटांत पळालो. डावा अंगठा सोलून निघाला, पण एकही दिवस चुकवला नाही. पाचव्या दिवशी मी बस बदलत त्याच्या घरी गेलो, दारातल्या रॅकमधले माझे बूट पायात घातले आणि चहा न घेता परत आलो. तनुजा दारात उभी होती. सून असून तिने सासऱ्याला 'शाब्बास' म्हटलं, अगदी हळू.

मीरासाहेब म्हणाले, धनेशच्या नावाची सही मी ठोकतो, कोण बघतंय. मी नको म्हणालो. त्यांना नवल वाटलं. कागदाच्या बाबतीत एक खोटेपणा माझ्या नावावर आधीच आहे, हे त्यांना माहीत नाही.

धनेशची ती वाक्यं मला ओळखीची वाटली. घरात आधी ती कोण बोललं होतं, हे तुलाही ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात सतरा तारखेला मीरासाहेब तापाने पडून होते, मी एकटाच निघालो. निघोज्याच्या फाट्याजवळ पावसाने गाठलं. असा की समोरचा कंटेनर दिसेना, नुसते त्याचे दिवे दिसत होते. माझ्या खिशात डोक्यावर घ्यायची प्लास्टिकची पिशवी कायम असते. ती काढली तर वाऱ्याने हातातून गेली आणि ट्रेलरखाली सापडली. शेजारी चहाच्या टपरीत पहिल्या शिफ्टची पाच-सहा माणसं दाटीने उभी होती. त्यातला एक जण म्हणाला, "बाबा, आत या. म्हातारपणी निमोनिया होईल."

असली वाक्यं दुसऱ्यांना ऐकवायची माझी आयुष्यभराची पद्धत. कुणी मला सांगितलं की मी निमूट आत जाणारा. त्या दिवशी गेलो नाही. परतीचे खांब मोजत पळत सुटलो. पाण्यात करंट असेल, गटाराचं झाकण उघडं असेल, मागून ट्रक आला तर ब्रेक लागणार नाही, सगळं सगळं मनात आलं. भीती गेली असं मी म्हणणार नाही. पायांनी तिचं ऐकलं नाही, एवढंच. तळवड्याच्या चौकात रिक्षावाले हसले. मी त्यांना हात केला.

घरी आलो तेव्हा कोरडं असं काही उरलं नव्हतं. मोरीत उभा राहून खिशातला रुमाल पिळला. पाण्याची धार लागली. आणि मला ते फडकं आठवलं.

आता लिहितो. यासाठीच तीन वेळा उठलो होतो.

तू नववीत होतीस, बावीस वर्षं झाली. आठशे मीटरला शहरात पहिली आलीस. पुढची स्पर्धा सोलापूरला होती, दोन रात्री राहायचं होतं. शाळेने संमतीचा कागद दिला. मी म्हणालो, कंपनीत सुपरवायझरकडून नीट वाचून घेतो आणि सही करून आणतो. तुझ्या आईने डब्याच्या पिशवीत तो जपून ठेवला होता.

संध्याकाळी पाऊस होता. मी दारात उभा राहून सांगितलं की कागद भिजला, लगदा झाला, टाकून द्यावा लागला. तू माझ्या हातातून पिशवी घेतलीस, डबा काढलास, त्याच पिशवीतलं भाकरी बांधलेलं फडकं सोडलंस. ते कोरडं होतं. तू ते झटकलंस, घडी घातलीस आणि कट्ट्यावर ठेवलंस. आईने विचारलं, काय झालं गं. तू म्हणालीस, "काही नाही. आप्पांचा डबा घासते."

दुसरा कागद मिळेपर्यंत तारीख गेली. बाईंनी दुसरी मुलगी नेली. त्या वर्षी तू पुन्हा मैदानावर गेली नाहीस. माझ्याशी बोलणं बंद केलं नाहीस, पण 'हो' आणि 'नाही' यांच्या पलीकडे फारसं राहिलंही नाही. तुला कळलं होतं हे मला कळलं होतं. बावीस वर्षं आपण दोघं त्या फडक्याभोवती फिरतोय.

कागद माझ्या लॉकरमध्ये होता. सुपरवायझरने वाचून दाखवला होता. पेनही दिलं होतं. रिटायर होताना लॉकर रिकामा केला तेव्हा तो सापडला, पिवळा पडला होता, पण धड होता. मी तो फाडून टाकला. ठेवला असता तर आज पाठवला असता, पण ठेवायची छाती झाली नाही.

तुझ्या त्या स्पर्धेच्या आदल्या वर्षी कंपनीत प्रेस मशीनखाली माझी दोन बोटं गेली होती. तेव्हापासून मला सगळ्याची धास्ती बसली, म्हणून तसं झालं, असं मी स्वतःला सांगत आलो. तुझ्या आईलाही तेच सांगितलं. पण बोटं डाव्या हाताची गेली, योगिनी. सही उजव्या हाताने करतात.

हे लिहिलं नसतं तरी फॉर्म पाठवता आला असता. वडील म्हणून सही मागितली असती आणि तू कदाचित केलीही असतीस. तशी सही मला नको.

फॉर्म सोबत आहे. सहीच्या जागी पेन्सिलने फुली केली आहे. शेवटची तारीख २० ऑगस्ट. करावीशी वाटली तर कर. नसेल करायची तर कोरा परत पाठव आणि नाही म्हणून लिही. सही करणार नाही, एवढं सरळ लिहिलेलं मला चालेल. तेवढं मला त्या वेळी जमलं नव्हतं.

सही आली नाही तरी १४ तारखेला मी पळणार आहे. छातीवर नंबर नसेल, रस्त्याला टाळ्या नसतील. निघोज्याच्या बाजूने, माझ्या खांबांच्या रस्त्याने. नव्या मापाने एकवीस किलोमीटरचे चारशे सत्तर होतात, ते सगळे. धनेशने बूट पुन्हा नेले तर अनवाणी. पाऊस असला तर पावसात. पडलो तर उचलायला मीरासाहेब आहेत, आणि त्यांनी उचललं नाही तर मी आपला आपण उठेन. बघ, हे लिहिलं, आणि मी खोडलेलं नाही.

मिनलला पळायला आवडतं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारून कळव. तिच्या कोणत्याही कागदावर कुणाची सही अडली तर मला सांग, मी पहिल्या गाडीने येईन.

फॉर्म दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलाय, वरून चिकटपट्टी फिरवली आहे. कराडला कितीही पाऊस असला तरी तुझ्या हातात तो कोरडाच पडेल. हात लावून बघ. मग हो की नाही ते लवकर कळव, पोरी. एका ओळीचं लिहिलंस तरी चालेल, पण लवकर.

उजव्या हाताने सही करून,
आप्पा