मुलाकडचा झेंडा

१२ जानेवारी
कॉलेज सोडलं. सर म्हणाले, वर्गाबाहेर हो. मी बेटाबाहेरच झालो. सकाळच्या बोटीनं ग्रेनाडाहून शेजारच्या कॅरियाकू बेटावर आलो. कॉलेजातली ॲनेला इथली. शिकून परत आली, आता शाळेत शिकवते. तिच्याशी लग्न करायचं, बाकी आयुष्य आपोआप लागेल मार्गाला. तिला कळवलेलं नाही. मला अचानक बघून तिचा चेहरा कसा होतो ते बघायचंय.
संकल्प: डोकं शांत ठेवणे.

१३ जानेवारी
चेहरा बघितला. म्हणाली, तू इथे काय करतोयस? आनंद लपवायची तिची ही पद्धत मला आधीपासून माहीत आहे.

१५ जानेवारी
काम मिळालं, तेही तिच्या वडिलांकडे. कथबर्टकाका किनाऱ्यावर झाडाखाली लाकडी होड्या बांधतात. पाणी शिरू नये म्हणून मी फळ्यांच्या फटीत कापूस ठोकतो. दिवसभर. अंगठा सुजला. काका म्हणाले, पोरा, फटीवर राग काढू नकोस, तिनं तुझं काही वाईट केलेलं नाही.
सासऱ्या-जावयात असा मोकळेपणा हवाच.

१९ जानेवारी
राहतो काकांच्या बहिणीकडे, आयडल्टामावशीच्या दुकानामागच्या खोलीत. आज दुकानात शिरलो, साबण मागितला. मावशीला ऐकूच येईना. पुन्हा मागितला. मग ओरडलो. तर बाकावरच्या म्हाताऱ्याला म्हणते, कुठे बोकड ओरडतोय का हो?
दुकानात पाऊल टाकताना आधी सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं, हे मलाही कळतं. आमच्याकडेही तेच. पण दमलेल्या माणसाला काही सूट? तसाच परत आलो. मावशी मागून म्हणाली, साहेब रागावले.
अंघोळ राहिली.

२ फेब्रुवारी
पावसाचा पत्ता नाही. टाक्यात पाणी तळाला. अंघोळीला एक बादली, तीही मावशी अशी देते की जणू लेक सासरी पाठवतेय.
पिकं निघाली म्हणून गावानं शेळ्या मोकळ्या सोडल्यात. माझा निळा शर्ट, जो ॲनेलाला मागणी घालायला राखून ठेवला होता, तो एकीनं कॉलरपासून खाल्ला. तिला पकडून खांबाला बांधलं. संध्याकाळी अर्धं गाव दारात. सोडायच्या दिवसांत शेळी बांधली कुणी? मावशी म्हणाली, हा स्वतः मोकाट सुटलाय आणि शेळ्यांना दावं लावतोय.
मी काय बोललो ते लिहीत नाही. माफी मागावी लागली. शेळीच्या मालकाची, आणि बहुतेक शेळीचीही.
मागणी पुढे ढकलली. शर्ट नाही.

२० फेब्रुवारी
हात उचलवत नाहीत. आईचा फोन, परत ये. सांगितलं, बस्तान बसलंय.
ॲनेला दुपारी वडिलांचं जेवण घेऊन आली. आज माझ्यापुढेही ताट. कुकु, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, आणि शंखाच्या मांसाचा रस्सा. विचारलं, माझ्यासाठी कशाला त्रास? म्हणाली, उरलं होतं.
लाजते.

६ मार्च
झालं! काका स्वतःहून बोलले. म्हणाले, ईस्टरनंतर आपल्याकडे लग्न आहे. मुलाकडची माणसं लांब राहतात, त्यांचा झेंडा धरायला इथे कुणी नाही. तू उंच आहेस, डोकं तापलं की मागे हटत नाहीस. धरशील?
इथल्या लग्नात दोन झेंडे. एक मुलाकडचा, एक मुलीकडचा. ढोलाच्या तालावर झेंडेकरी भर रस्त्यात भिडतात. शेवटी मुलाकडचा वर राहायला हवा, नाहीतर घरात जन्मभर बायकोचं राज्य, असं मानतात.
आता, माझी माणसं ग्रेनाडात. म्हणजे लांबच. बाप माणूस, तोंडावर कसं विचारणार? असं आडून विचारलं. मी लगेच हो म्हटलं.
आईला कळवलं, चांगला शर्ट पाठव. कारण नंतर सांगतो.

१७ मार्च
तालीम. मुलीकडचा झेंडा मावशीच्या हातात. साठी उलटलेली बाई, पण कंबर भोवऱ्यासारखी फिरते. माझा झेंडा प्रत्येक वेळी खाली. म्हणाली, अजून नीट शीक, साहेब विलायतेहून उतरले की तोंड दाखवायला जागा नाही राहायची.
साबणाच्या दिवसापासून ती मला साहेबच म्हणते. तिच्या थट्टेला अंत नाही.

११ एप्रिल
ॲनेला म्हणाली, धक्क्यावर ये, सामान उचलायचंय. वाटलं, आईला तिनंच परस्पर बोलावलं असणार.
बोटीतून एक कोटवाला उतरला. एव्हरार्ड. आजी-आजोबा इथले, हा विलायतेत हडर्सफील्डला बस चालवतो. ॲनेला त्याच्या गळ्यात पडली. मग माझी ओळख: हा केल्वन, तुझा झेंडेकरी. तो म्हणाला, भाऊ, माझी अब्रू तुझ्या हातात.
अब्रू नंतर. आधी त्याची बॅग हातात आली. टेकडीवरच्या घरापर्यंत वाहिली.

१२ एप्रिल
ॲनेलाला विचारलं, हे कधीपासून? म्हणाली, कॉलेजात माझ्या फोनवर याचाच फोटो होता. तूच म्हणाला होतास, तुझा भाऊ देखणा आहे.
काम झालं नाही. काकांनी काही विचारलं नाही, हे जास्त लागलं.

१४ एप्रिल
प्लॅन तयार. झेंडा मुद्दाम पाडायचा. भर गावात. मग राहा साहेब जन्मभर बायकोच्या हुकमात. त्यासाठी एकच गोष्ट हवी, डोकं थंड. ते आता माझ्याइतकं थंड कुणाचं नाही.

१९ एप्रिल
लग्न झालं.
ढोल सुरू झाला. ठरल्याप्रमाणे दोन पावलं मागे सरलो. मनगट ढिलं सोडलं. झेंडा कलला, पोरी ओरडल्या. मावशी नाचत नाचत कानाशी आली आणि म्हणाली, टाक की खाली. कॉलेज टाकलंस, तसं हेही टाक.
पुढचं मला नीट आठवत नाही. लोक सांगतात की मावशीची टोपी गटारात गेली, तिचा झेंडा माझ्या झेंड्याखाली असा दाबला की ढोलवाल्यांनीच हात जोडले. असा झेंडा गावानं कितीतरी वर्षांत बघितला नव्हता म्हणे.
एव्हरार्ड मला मिठी मारून रडला. ॲनेला म्हणाली, तुझ्यामुळे आता मला याचं ऐकावं लागणार, आणि केकचा तुकडा माझ्या हातावर ठेवून गेली. कडेचा होता. साखर जास्त.
मावशीनं टोपी झटकली, शेजारी येऊन बसली.  
मग काका आले. म्हणाले, पुढच्या महिन्यात वरच्या गावात लग्न आहे, ते लोक तुलाच मागतायत. विचारलं, कुणाकडून? म्हणाले, मुलाकडून.
मुलगा कोण, तेही विचारून घेतलं.