वीज आल्यावर आपोआप सुरू

४ फेब्रुवारी
फुटला! नवाकोरा ड्राइव्ह, मोटरचा वेग सांभाळणारा डबा, खोक्यातून काढून अर्धा तास नाही झाला. मी घरात टेस्टर आणायला गेले, तेवढ्यात दादाने मेनची वायर नेमकी स्पिंडलकडे, म्हणजे कोरायचं बिट फिरवणाऱ्या मोटरकडे, जाणाऱ्या टर्मिनलवर लावली आणि बटण दाबलं. धाड! शेडभर काळा धूर, आणि दादाच्या भुवया निम्म्या जळालेल्या. मला हसू आलं. हसले, तर कानाखाली जाळ काढला त्याने. म्हणे, "वायरींवर नंबर का नाही टाकलेस?" टाकले होते. ठळक! मग मीही पाना उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर हाणला. आता तो लंगडतोय आणि माझा डावा कान शिट्टी वाजवतोय. बाबा गेले आणि घर, शेड, हे लाकडी बोर्ड कोरायचं घरी बनवलेलं मशीन दोघांच्या नावावर ठेवून गेले — त्यापेक्षा दोन कुत्री एका साखळीला बांधायची होती.

वहिनी दारात उभी होती. दादाशी लग्न केल्यापासून मूग गिळून बसणं हेच तिचं काम.

९ फेब्रुवारी
दुसरा ड्राइव्ह आला. या वेळी दादाला शेडबाहेर काढलं आणि आतून कडी घातली. तो दारावर लाथा मारत होता. मारू दे.

वहिनी मॅन्युअल वाचत होती, मी बटणं दाबत होते. काय छान वाचते! बातम्या दिल्यासारखं. मोटरचे व्होल्ट — दाबले. जास्तीत जास्त वेग — दाबला. किती सेकंदांत थांबायचं — दाबलं. मग तिने वाचलं, "वीज आल्यावर आपोआप सुरू. हो की नाही?" मी ओरडलेच — नाही! वीज गेली म्हणून कोणी बिट बदलायला हात घातला आणि ती परत आली, तर? "बरं," म्हणाली आणि पान उलटलं.

केबलची जाळी एकाच टोकाला अर्थिंगला जोडली. जुना ड्राइव्ह होता तेव्हा स्पिंडल फिरायला लागला की विजेच्या गडबडीने कॉम्प्युटरला मशीनच दिसेनासं व्हायचं, बोर्ड अर्धवट कोरलेला राहायचा. आता लोण्यासारखं चालतंय. इतका आनंद झाला की मी वहिनीला उचलून गरकन फिरवलं. ती कळवळली. बरगडीला लागलेलं होतं. कधी, कसं — विचारलं नाही. माहीत होतं.

१४ फेब्रुवारी
मशीनवर सुरू-बंदचा खटका बसवून दिलाय. तो खाली केला की ड्राइव्ह स्पिंडलला आवरत आवरत दोन सेकंदांत थांबवतो. पण दादासाहेब खटक्याला हात लावतील तर शपथ! दाराजवळचं भिंतीवरचं मेन बटणच बंद करणार. मग स्पिंडल नुसता गरगरत राहतो, आणि हा त्यावर लाकडाचा तुकडा दाबून धरतो, लवकर थांबावा म्हणून! बिट बदलतो, भिंतीवरचं बटण लावतो, आणि स्पिंडल हलत नाही. हलणारच नाही. खटका आधी खाली करून परत वर करावा लागतो, मी तशीच सेटिंग ठेवलीय. दादा शिव्या घालतो.

आज म्हणाला, "ती सेटिंग काढ." मी म्हटलं, हात जाईल तुझा. "माझ्या शेडमध्ये मला नाही म्हणतेस?" — आणि हातोडी भिरकावली. माझ्याऐवजी स्पिंडल थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीला लागली. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. शेड निम्मी माझी आहे!

१५ फेब्रुवारी
दातांच्या खुणा अजून आहेत त्याच्या मनगटावर. फार बरं वाटलं.

२१ फेब्रुवारी
बिट तुटलं, बोर्ड वाया गेला. चूक त्याची, वेगाचा नॉब पार पिळून ठेवला होता. राग निघाला वहिनीवर. उरलेल्या केबलच्या तुकड्याने मारलं तिला. जाड केबल, आत तांब्याची जाळी. मीच कापून कोपऱ्यात ठेवली होती. मी बाजारातून आले तेव्हा ती स्वयंपाकघरात फरशीवर पालथी. पाठीकडे बघवेना.

पाना घेऊन धावले, तर हा खोलीला आतून कडी लावून बसलेला! शूरवीर! मी दार फोडायला निघाले होते, पण आधी तिला डॉक्टरकडे नेणं भाग होतं. तिथे ती काय म्हणाली? "जिन्यावरून पडले." आमच्या घराला जिना नाही.

येताना म्हटलं, वहिनी, निघून जाऊ. मी येते तुझ्याबरोबर. "नको, वन्सं," म्हणाली. "मागच्या वेळी माहेरी गेले तर माझ्या भावाचा हात मोडला त्यांनी. कुठेही गेले तरी येणारच." खरं आहे. येणारच. एक दिवस तो हिला मारून टाकणार आहे, आणि मी बाजारात असणार आहे.

२२ फेब्रुवारी
सेटिंग बदलली. वीज आल्यावर आपोआप सुरू: हो. त्यानेच मागितली होती ना? दिली. दादा खूश! "आता कसं शहाण्यासारखं वागलीस." पाठ थोपटली माझी. अंगाचा तिळपापड झाला.

लिहूनच टाकते. खटका वर राहतो, तो बिट बदलायला हात घालतो, आणि भिंतीवरचं बटण त्याच्या पाठीमागे आहे. मला त्याचा हात तोडायचाय.

२७ फेब्रुवारी
आज संधी होती. दादा मशीनवर वाकलेला, बिट सोडवायला दोन्ही पाने स्पिंडलला लावलेले. मेन बंद. मी दाराजवळ, बोट बटणावर. नुसतं दाबायचं होतं! तो शीळ घालत होता, बेसूर. मला सायकल शिकवताना मागून धावत हीच शीळ घालायचा, मी घाबरू नये म्हणून. बोट दाबेना. बाहेर जाऊन भडाभडा ओकले.

दुपारी तो झोपला तेव्हा सेटिंग परत "नाही" केली. मान वर केली तर स्वयंपाकघराच्या खिडकीत वहिनी. सकाळपासून तिथेच होती की काय कोण जाणे.

लाज वाटते. त्याला मारता आलं नाही याची की मारायला निघाले याची, तेच कळत नाही.

२८ फेब्रुवारी
दादाच्या लक्षात आलं. "कोणी बदललं?" मी म्हटलं, मी. ठोसा बसला. ओठ फाटला, एक दात हलतोय. मी त्याच्या तोंडावर रक्त थुंकले. तो शांतपणे तोंड पुसत म्हणाला, "परवा संध्याकाळपर्यंत बदलून ठेव. नाहीतर तुझ्या लाडक्या वहिनीचा हात घालतो मशीनमध्ये." दादा ओरडतो तेव्हा मी घाबरत नाही. आज तो ओरडला नाही.

वहिनी भिंतीला टेकून ऐकत होती.

२ मार्च
हात गेला. वहिनीचा नाही — दादाचा! मी पोलीस चौकीत गेले होते. तिथल्या हवालदाराने "घरातलं घरात मिटवा" म्हणून वाटेला लावलं. परत आले तर शेडमधून किंकाळ्या. पाना पत्र्याच्या भिंतीत घुसलेला, मशीनवर रक्तच रक्त. उजव्या हाताची तीन बोटं गेली, तळवा फाटला. वहिनीने त्याच्या मनगटाला टॉवेल करकचून बांधला होता. अगदी बरोबर बांधला होता, डॉक्टरही म्हणाले. "जिवावरचं बोटांवर निभावलं," म्हणाले.

दादा एकच ओरडत होता, "मी मेन बंद केलं होतं! केलं होतं!" सगळे म्हणाले, विसरला असशील.

३ मार्च
शेड धुतली. भिंतीवरचं बटण चालू. ड्राइव्ह उघडून सेटिंग बघितली. "हो"! मी केली नव्हती. दादाला तर घड्याळाची वेळ लावता येत नाही. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघायचं धाडस झालं नाही.

५ मार्च
वहिनी आज माझ्या ओठाला मलम लावत होती. लावता लावता म्हणाली, "मी वाट बघितली हो, वन्सं. तुमच्याने होईना."