कवळीच्या अस्तराचं टेस्टिंग

२ नोव्हेंबर
कवळीले आतून नवं अस्तर लावून आणलं. मऊ, रबरासारखं. हिरड्यांले आराम. आमच्या घरच्या बाईनं, भागीरथानं, तिच्याही कवळीले तेच लावून घेतलं. एकाच दिवशी, एकाच डब्यातलं. डॉक्टर श्वेता, पोरगी माझ्या नातीच्या वयाची, मलेच शिकवून राहिली होती. साध्या पाण्यात ठेवा, नरम ब्रशनं हळू धुवा, गरम पाणी नको, मग वर्षभर टिकेल. चौतीस वर्षं सरकारी लॅबमध्ये काँक्रीटचे क्यूब फोडले मी. माल कसा टिकते ते ही मले सांगते.
उद्यापासून रोज टेस्टिंग. १६ फेब्रुवारीले नातीचं, मिनलचं लग्न. मंगलाष्टक मीच म्हणणार, स्वतः लिहिलेलं. तोवर माल पक्का पाहिजे.

५ नोव्हेंबर, सकाळी ६
नखानं दाबलं. खड्डा पडला, लगेच भरून आला. पास.
भागीरथा म्हणे, रोज नख काहून लावता? क्वालिटी कंट्रोल काय समजणार तिले. तुलनेसाठी तिची कवळी मागितली. देत नाही.

१९ नोव्हेंबर
उकळत्या पाण्यात दहा मिनिटं. मुद्दाम. जे उकळत्यात टिकलं ते लग्नात टिकते. जंतू मरतात ते वेगळंच.
संध्याकाळी भिवापुरी मिरचीचा ठेचा. फील्ड ट्रायल. लाल डाग पडला. तारेच्या घासणीनं घासला, वरून ब्लीच.

८ डिसेंबर
नख जात नाही. महिन्याभरात दगड! कंपनी चोर, डॉक्टर चोर, जमानाच चोर. काठाले पापुद्रा सुटला. किती सुटते ते ओढून पाहिलं. बराच सुटला.

९ डिसेंबर
दवाखान्यात जाऊन भांडलो. श्वेतानं विचारलं, गरम पाण्यात टाकली होती का? म्हटलं, नाही. (गरम नव्हतं, उकळतं होतं.) भागीरथा बाजूलेच बसली होती. तिनं घासणीपासून ब्लीचपर्यंत सगळं सांगून टाकलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार आणि साक्ष त्या पार्टीकडून! वरून स्वतःची कवळी काढून दाखवली. पहिल्या दिवसासारखी मऊ. श्वेतानं बोटानं दाबून मले दाखवलं. डोकं सणकलं माझं.
नवं अस्तर लावून देते म्हणाली. साफ नाही म्हटलं. पुरावा नष्ट करायचा डाव आहे. हे आता असंच राहणार, ग्राहक मंचात दाखवायले.

११ जानेवारी
पुराव्यानं हिरडीले फोड आला. कवळी फक्त जेवायले आणि प्रॅक्टिसले. 'स' म्हटला की वरची खाली येते. मंगलाष्टकातून 'सून', 'सासर', 'संसार' काढले. 'लेक' ठेवली. काव्य उलट जास्त टाइट झालं.
काटोलहून साळ्याचा, गोपाळरावचा फोन. सत्तरी ओलांडली, सगळे दात स्वतःचे, अन् तेच मिरवत फिरते. म्हणे, भाऊजी, जमत नसेल तर मी म्हणतो. रागानं फोन आपटला. मोबाइल होता, हे मागून ध्यानात आलं.

२ फेब्रुवारी
रोज येऊन रागवणारी भागीरथा आज बाजूले येऊन बसली. म्हणाली, "चौदा दिवस आहेत. चला, नवं लावून घेऊ. मिनल लहानपणापासून म्हणते, माझ्या लग्नात आबाच म्हणतील."
तत्त्वाचा प्रश्न आहे, असं सांगितलं. ती उठून आपली कवळी धुवायले गेली. असं न भांडता उठून गेलेलं मले अजिबात खपत नाही.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ
लग्न लागलं.
माइकपर्यंत गेलो. पहिल्याच ओळीले वरची कवळी सुटली. झेलली, खिशात टाकली. अंतरपाटामागून मिनल वाकून पाहून राहिली होती. गोपाळराव खुर्चीतून उठलाच. पण त्याच्या आधी भागीरथानं माझ्या हातातला कागद घेतला अन् उभी राहिली. पूर्ण म्हटलं तिनं. खणखणीत. मी खोडलेले शब्दसुद्धा. पाठ होते तिले.
नंतर मिनल पाया पडली. म्हणे, आबा, रडू नका ना. होमाचा धूर गेला डोळ्यात, असं बोळक्या तोंडानं सांगितलं तिले.
होम पेटायचा होता अजून.