चकाकी घालवलेलं कार्ड

प्रिय ढब्ब्या,

वर्तमानपत्रवाले तुला पोलादी गोलकीपर म्हणतात. म्हणू देत बापडे. एक जिना चढून धापा टाकताना मी तुला पाहिलंय, त्यामुळे माझ्यासाठी तू ढब्ब्याच.

तुझं कार्ड मिळालं. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य अशी खेळाडूंची कार्डं जमवतात, त्यांनी दिलं. फोटोत तू गणिताचा पेपर हातात पडल्यासारखा उभा आहेस. कार्ड मात्र इतकं गुळगुळीत, की त्यावर थेट सही केली तर शाईचे थेंब होतात आणि बोट लागताच सगळं फिसकटतं. आधी चकाकी घालवावी लागते. बेबी पावडर टाकायची, कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने गोल गोल चोळायची आणि मऊ फडक्याने पार पुसून घ्यायची. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा चकचकीत करते आणि घरी येऊन हा उलटा उद्योग.

हात आधी तुझ्या संघातल्या इतरांवर साफ केला. कॅप्टनला खोडरबर लावला, तर त्याची अर्धी मिशी गेली. तुमच्या त्या उंच बचावपटूवरची पावडर नीट पुसली नाही, ती पेनाच्या टोकात बसली आणि दंतवैद्यांचं लाडकं चंदेरी मार्कर कायमचं बंद पडलं. तुमची दाढ दुखेल तेव्हा बघतो, म्हणाले.

तुझं कार्ड मात्र पहिल्या फटक्यात जमलं. पण चोळता चोळता पावडरचा वास आला आणि मी तशीच बसून राहिले. आंघोळीनंतर आई तुझ्या मानेच्या वळ्यांना पावडर लावायची आणि तू पाय झाडून माझ्या तोंडावर उडवायचास. फार आठवण येते रे तुझी.

बाबा तुझा सामना बसून बघत नाहीत. चेंडू तुझ्याकडे आला की स्वयंपाकघरात जातात आणि तिथून विचारतात, "अडवला का?" दर रविवारी तुझ्या पलंगावरची चादर बदलतात. धूळ बसते म्हणतात. आई गेली त्या दिवशी तू दारातूनच परत फिरलास, आत पाऊल टाकलं नाहीस. तेव्हापासून सराव, दौरे, सामने. मला राग नाही. तिच्या खोलीसमोरून मीही कितीतरी दिवस मान खाली घालून जायचे. पण मला निदान बाबा होते, बाबांना मी होते. तू तिथे एकटा काय करतोस?

फोन केला की तू म्हणतोस, "ताई, नंतर करतो." दंतवैद्यांनी मात्र चाहते पाठवतात तसं क्लबच्या पत्त्यावर तुझं दुसरं एक कार्ड पाठवलं, सोबत परतीचं पाकीट ठेवलं, आणि ते तुझ्या सहीसकट त्यांच्याकडे परत आलं. खाली दोन ओळी, त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी. खरं सांगते, मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. म्हणून मीही त्याच रांगेत उभी राहिले आहे. पाकिटात तुझं कार्ड आहे आणि तिकीट लावलेलं परतीचं पाकीट, त्यावर आपल्या घराचा पत्ता. सही नको मला. त्या कार्डावर फक्त घरी कधी येतोस ती तारीख लिही. ती फिसकटणार नाही, तेवढी तयारी मी करून दिली आहे.

तुझीच,
ताई