एका ओढीत सुटणारी गाठ

३ नोव्हेंबर, सोमवार
आज सकाळी बुधवार पेठेत श्यामरावांच्या दुकानात मेतकुटाची पाकिटं पोचवायला गेलो, आणि माझ्या डोळ्यांदेखत एका बाईंनी आमचंच पाकीट हातात धरून आमचंच मेतकूट मागितलं!

त्यांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं, त्यावरच्या माझ्या आईच्या फोटोवर नजर टाकली आणि परत ठेवलं. "हे नको हो. ते दोऱ्याचं द्या ना." श्यामरावांनी सांगितलं, तेच आहे, नुसतं पाकीट बदललंय. बाई हसल्या. सगळे दुकानदार असंच म्हणतात म्हणाल्या आणि काही न घेता गेल्या.

श्यामराव वजनकाट्यावरून मान न उचलता म्हणाले, "आनंदराव, लोकांना तुमचं मेतकूट हवंय. तुमचं पाकीट तेवढं मध्ये येतंय."

महिनाअखेरपर्यंत खपलं तर ठीक, नाहीतर फळीवरची जागा दुसऱ्याला देणार म्हणाले. अठरा वर्षं आहोत त्या फळीवर.

घरी, धायरीपर्यंत बसमध्ये नाम घेत येतो नेहमी. आज जमलं नाही. दोरा, दोरा – एवढंच डोक्यात.

४ नोव्हेंबर
नवं पाकीट माझीच हौस. मार्चमध्ये आई गेली, त्यानंतर केलं. पिवळंधमक, यंत्राने बंद केलेलं, मोठ्या अक्षरांत ‘यमुनाबाई मेतकूट’ आणि तिचा फोटो. आधी नुसता खाकी कागद, वर लाल दोरा, आणि नाव कोपऱ्यात इतकं बारीक की चष्मा लावूनही दिसू नये. वाटलं, जिच्या हातची चव तिचं नाव लोकांच्या तोंडी असावं.

ते कधीच नव्हतं का?

५ नोव्हेंबर
पूर्णिमाला सांगितलं. लेकीचं हडपसरचं ऑफिस हेच करतं – साबण, चहा, बिस्किटं लोकांना कशी आठवतात ते विचारत फिरायचं. म्हणाली, "बाबा, कुठलं मेतकूट घेता असं विचारू नका. मेतकूट कधी आठवतं ते विचारा."

तिचं म्हणणं असं की डोक्यात नावांची यादी नसते. एखादा वास, रंग, प्रसंग एकमेकांना चिकटून बसलेले असतात. एक हलला की दुसरा जागा होतो, आणि नाव आलंच तर सगळ्यांत शेवटी. मला इतकं आवडलं की पुन्हा सांगायला लावलं. "काय हो बाबा, परीक्षा आहे का?" म्हणाली.

८ नोव्हेंबर, शनिवार
चौदा जणांना विचारलं! श्यामरावांच्या दुकानाबाहेर, वही घेऊन. "जनगणना लागली वाटतं," श्यामराव.

यमुनाबाई – एकानेही म्हटलं नाही. पण ताप, मऊ भात, तोंडाची चव गेली की, नातू पहिल्यांदा जेवायला लागला तेव्हा... आणि नऊ जण म्हणाले, ते लाल दोऱ्याचं.

एक निवृत्त मास्तर होते, सदाशिव पेठेतले. नाव आठवेना त्यांना. मग चिमटीत हवाच धरली आणि ओढली. "असं केलं की सुटतं ते."

आईची सरगाठ! ती म्हणायची, आजारी माणसाच्या घरात कात्री शोधायला वेळ नसतो. म्हणून एका ओढीत सुटेल अशीच गाठ मारायची. मी तिचा मुलगा, मी विसरलो. आणि सदाशिव पेठेतल्या परक्या माणसाच्या बोटांनी जपून ठेवलं.

९ नोव्हेंबर
ठरलं. दोरा परत. पण नाव आणि फोटो राहतील. सरोजिनीला सांगितलं तर पोळी लाटता लाटता म्हणाली, "अहो, सासूबाई फोटो काढायचा म्हटलं की मागच्या दाराने जायच्या. त्यांना दुकानात बसवून तुम्हाला काय मिळालं?"



११ नोव्हेंबर, मंगळवार
दगडूशेठला गेलो. रांगेत पुढची मुलगी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अगं, दगडूशेठला आलेय."

मी तिथेच थांबलो, मागच्याने ढकललं. गणपती बसलाय आत, आणि सगळं पुणं त्याला एका हलवायाच्या नावाने ओळखतं! मीही. वर्षानुवर्षं. आणि देवाने कधी राग धरला नाही. लोक ज्या दाराने येतात त्या दाराने येऊ देतो.

हात जोडले, पण मागायचं काही राहिलंच नव्हतं. बाहेर आलो तर पाय जमिनीवर ठरेनात.

१४ नोव्हेंबर
गाठ जमत नाही! सरोजिनीची घट्ट बसते, पूर्णिमाची हात लावण्याआधीच सुटते. तिने फोनवर व्हिडिओ शोधले. सगळे बुटांचे.

१५ नोव्हेंबर
पहाटे पूजा करताना आठवलं. गावी शाळेत जाण्याआधी वासरू बांधायचं काम माझ्याकडे असायचं, दुधाच्या वेळी एका ओढीत सुटायला हवं म्हणून. डोळे मिटले, दोरा हातात घेतला. डोक्याला काही येत नव्हतं, बोटांना येत होतं. आईनेच शिकवली होती ती गाठ.

दुपारपर्यंत चाळीस पाकिटं! प्रत्येक गाठीला एक नाम.

२२ नोव्हेंबर
छापखान्यात नवी पट्टी दाखवली. मालक म्हणाले, फोटो टाकायचा राहिला की. मी म्हटलं, नकोच तो. मग घरी येऊन बराच वेळ तिच्या फोटोकडे बघत बसलो.

२९ नोव्हेंबर, शनिवार
आज साठ पाकिटं श्यामरावांच्या फळीवर लावली. खाकी कागद, लाल दोरा, वर छापलंय – ‘दोऱ्याचं मेतकूट’. आईचं नाव कुठेच नाही.

त्या दिवशीच्याच बाई आल्या. दोन घेतली. गाठ बोटाने चाचपून विचारलं, "ही कोण मारतं हो?"

मी म्हटलं, "आई."