बिनतेल

बाबा, आर्वीच्या सरांची ती पाचशे सीसीची काळी मोटारसायकल या उन्हाळ्यात माझ्याकडे आली. तीच, जिचं इंजिन तुम्ही मारलं आणि नाव माझं लावलं. पिकअपमध्ये दोरांनी बांधून आणली होती. टायर बसलेले, टाकीवर कबुतरांची घाण आणि सुटे भाग एका खताच्या गोणीत. सर आता निवृत्त आहेत. मॅडम सोबत होत्या. पिकअपच्या दाराला धरून त्या हळूच उतरल्या, उजवा पाय अजूनही जपून टेकवतात. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की लांबच्या प्रवासाच्या मोठ्या गाड्यांचं काम हिंगणघाटला हायवेवर चांगलं होतं. ते वर्कशॉप तुमच्या मुलाचं आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बोर्डावर तुमचं नाव नाही. ते मी मुद्दामच टाकलं नाही.

तुम्ही हे वर्कशॉप पाहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. प्रेमानं म्हणत नाही. तुम्हाला ते दिसायला हवं होतं. काश्मीरहून कन्याकुमारीला निघालेले लोक माझ्याकडे थांबतात. दोन सिलिंडरच्या, चार सिलिंडरच्या, परदेशातून आलेल्या गाड्या उभ्या असतात. लोक सामान उतरवतात, कूलरसमोर बसतात आणि मी काय सांगतो ते ऐकून घेतात. मी कुणाला खोटा भरवसा देत नाही. चेन गेली असेल तर गेली म्हणतो, हैदराबादपर्यंत टिकणार नसेल तर टिकणार नाही म्हणतो. तुम्ही आला असता तर दारात उभे राहून सगळं बघितलं असतं, आणि मी तुम्हाला बसा म्हटलं नसतं. हे दृश्य मी किती वेळा मनात रंगवलं आहे. तुम्ही त्याआधीच मेलात. गॅरेजच्या स्टुलावर, एका गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, कुणाला काही न सांगता. तेवढंही सुख तुम्ही मला दिलं नाही.

तुमची कला मी नाकारत नाही. कारंजाला आपलं गॅरेज दोन ढाब्यांच्या मधे होतं, समोरून दिवसभर ट्रक जायचे, आणि त्या गोंगाटात तुम्ही मोठा स्क्रूड्रायव्हर इंजिनवर टेकवून त्याच्या मुठीला कान लावायचे. डोळे मिटायचे. सगळे गप्प व्हायचे. मग तुम्ही म्हणायचे, टायमिंग चेन ढिली आहे, किंवा वॉल्व्ह ठोकून राह्यला, आणि उघडून पाहिलं की तेच असायचं. नागपूरहून, अमरावतीहून लोक यायचे. मी आयटीआय करून तुमच्या हाताखाली आलो तेव्हा मलाही तुमचा अभिमान होता. तुमच्यासारखा कान लावून मी घरी आईच्या शिलाई मशीनचा आवाज ऐकायचो. तुमची चूक होऊ शकते, हे मात्र तुम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा मी सांगितलं.

सर तेव्हा आर्वीच्या कॉलेजात शिकवत होते. मे महिन्यात मॅडमना मागे बसवून, दोन्ही बाजूंना पेट्या लावून कोकणात जाणार होते. तुमच्याकडे ट्युनिंगला आले. त्यांनी मागितलं नव्हतं, तुम्हीच म्हणालात की सर, तुम्हाला असं ॲव्हरेज काढून देतो की पंपवाला ओळख विसरेल. आणि कार्बोरेटरमधलं मोठं जेट, म्हणजे ज्या बारीक भोकातून पेट्रोल इंजिनात जातं ते, काढून त्याहून बारीक बसवलं. वरून ठिणगीचं टायमिंगही पुढे घेतलं. उभ्या गाडीचा आवाज गोड झाला, हे खरं. पण दोन माणसं, भरलेल्या पेट्या, मे महिन्याचं ऊन आणि तासनतास एकाच वेगाची दौड, एवढ्या कमी पेट्रोलवर इंजिन तापून जाईल, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं. मी हळूच म्हणालो की बाबा, हे लांब जाणाऱ्या गाडीले नका लावू, पिस्टन जाम होईल.

तुम्ही वर पाहिलं नाही. स्क्रू फिरवत फिरवत म्हणालात, "तू चूप राय. सर माह्या भरोशावर येतात, तुह्या नाई."

सर हसले. मॅडम हसल्या नाहीत, हे मला आज आठवतं. त्या वेळी त्याकडे लक्ष गेलं नव्हतं. तेल मी बदललं होतं. नवा डबा फोडून, तेल मोजायच्या काडीवरच्या खुणेपर्यंत, दोनदा तपासून.

दुसऱ्या दिवशी तळेगावच्या अलीकडे भर वेगात इंजिन जाम झालं. मागचं चाक जागीच अडकलं आणि गाडी आडवी घसरत गेली. सरांची कोपरं सोलली. मॅडमचा खुबा मोडला. त्यांना अमरावतीला नेलं, आणि ओळखीच्या एका ट्रकवाल्यानं गाडी आपल्याकडे आणून टाकली. तुम्ही मला हेड उघडायला सांगितलं. प्लग खडूसारखा पांढरा होता. पिस्टनची कड वितळून गेली होती. तेल मी काडी काढून पाहिलं, खुणेला होतं. म्हणजे तेलाचा काही संबंध नव्हता, पेट्रोल कमी पडून इंजिन आतून भाजलं होतं. मी तो पिस्टन तुमच्यापुढे धरला. तुम्ही तो हातात घेतला, अंगठा त्या वितळलेल्या कडेवरून फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. बाबा, तुम्हाला कळलं होतं. ती नजर मी विसरलेलो नाही. मग तुम्ही खाली बसलात, इंजिनच्या पोटाचा बोल्ट काढला आणि ते नवंकोरं तेल जुन्या तेलाच्या ट्रेमध्ये सोडून दिलं. शेवटच्या थेंबापर्यंत वाट पाहिलीत. ट्रे पायानं टेबलाखाली सारलात. मी समोर उभा होतो आणि मला समजत नव्हतं की तुम्ही काय करून राह्यले.

सरांचा मोठा भाऊ आला तेव्हा समजलं. तो संतापलेला होता, सोबत चार माणसं होती, ढाब्यावरचे लोकही गोळा झाले. हे कुणी केलं, असं त्यानं विचारलं. तुम्ही बोल्ट पुन्हा काढून दाखवला. आतून काही पडलं नाही. "पोट्ट्यानं तेल टाकलंच नाई," तुम्ही म्हणालात, आणि सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली मारली. तुमच्या हाताला लागलेलं माझंच तेल माझ्या गालाला लागलं. मी गाल पुसून हत्यारं उचलायला लागलो. मला वाटलं, घरी गेल्यावर तुम्ही काहीतरी म्हणाल.

घरी तुम्ही जेवायला बसलात. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तुम्ही वरणात भाकरी कुस्करली आणि ताटाकडे बघत म्हणालात, "तुह्यं नाव गेलं त वापस येते. माह्यं गेलं त गॅरेज बंद पडते." आईचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. तुम्ही पोटभर जेवलात.

माझं नाव वापस आलं नाही. कारंजात मला बिनतेल म्हणू लागले. ए बिनतेल, इकडं ये. गाडी लावताना लोक सांगायचे, याला हात लावू देऊ नका. आंजीला माझं लग्न ठरत आलं होतं. मुलीच्या मामांनी निरोप पाठवला की जो इंजिनात तेल टाकायला विसरतो, त्याच्या हाती मुलगी कशी देणार. तो निरोप तुम्ही ऐकला, आणि तेव्हाही गप्प राहिलात. मी हैदराबादला गेलो. मोठ्या गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये फरशी पुसण्यापासून सुरुवात केली. तिथे कुणी कानानं काम करत नव्हतं. प्रत्येक बोल्ट किती आवळायचा ते ठरलेलं होतं आणि आवळणाऱ्याला सही करावी लागायची. मला ते फार आवडलं. पुढे लग्न झालं, हिंगणघाटला जागा मिळाली. तुम्ही गेल्यावर गॅरेज धाकट्या भावाकडे आलं. ते त्याला झेपलं नाही, तिथे आता उसाच्या रसाचं दुकान आहे. त्यानं मला सांभाळायला ये म्हटलं होतं. मी गेलो नाही. तुमचं गॅरेज बंद पडलेलं मला पाहायचं होतं, आणि ते मी पाहिलं. शेजारच्या ढाब्यावर बसून, चहा पीत.

तर सरांची गाडी. मी कार्बोरेटर काढला, त्याची खालची वाटी उघडली, आणि तुमचं जेट तिथेच होतं. सरांनी त्या दिवसानंतर गाडी कुणाला उघडूच दिली नव्हती. मी दोघांना आत बोलावलं, मी कोण ते सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. ते उठायला लागले, तसं मी म्हणालो की फक्त हे बघा. नव्या गाडीला बसतं ते जेट आणि तुमचं जेट, दोन्ही शेजारी ठेवून उजेडात धरायला दिली. गोणीतला पिस्टन काढून त्याची कड दाखवली. तेलाविना गेलेला दुसरा एक पिस्टन माझ्याकडे होता, तोही दाखवला, अंगभर ओरखडलेला, आणि तुम्ही तेल ट्रेमध्ये कसं सोडलंत तेही सांगितलं. सर शिकलेले माणूस, त्यांना फार सांगावं लागलं नाही.

"मी तेव्हाच म्हटलं होतं यांना," मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या. "तुम्ही नको म्हणून राह्यले होते, मी तिथेच उभी होती. दवाखान्यातही सांगितलं."

सरांनी पिस्टन टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "खरं आहे, ही म्हणाली होती. पण मला वाटलं, कोणता बाप आपल्याच पोरावर खोटा आळ घेईल? म्हणून विश्वास ठेवला."

बाबा, या वाक्यावर मला उठून बाहेर जावं लागलं. इतकी वर्षं मी समजत होतो की लोकांनी तुमच्या कलेवर विश्वास ठेवला. तसं नव्हतं. तुम्ही माझे बाप होता, म्हणून ते खोटं खपलं.

गाडी मी मनापासून केली. सिलिंडर बोअर करून घेतला, नवा पिस्टन, नवे बेअरिंग, जेट जे हवं तेच. मी स्वतः पुलगावपर्यंत नेऊन आणली, हळूहळू, पेट्रोल बरोबर पोचतंय असं सांगणारा विटकरी रंग प्लगवर येईपर्यंत. सर न्यायला आले तेव्हा त्यांनीच विचारलं की कारंजाला ढाब्यावर ती जुनी माणसं अजून बसतात का. मी म्हणालो, बसतात. मग चला, असं मॅडम म्हणाल्या. मी त्यांच्या मागे माझी गाडी घेतली. मॅडम पुन्हा त्याच सीटवर बसल्या होत्या, दुखऱ्या पायाखाली मी जास्तीचं रबर लावून दिलं होतं. ढाब्यावर ती सगळी म्हातारी होती. सरांनी खुर्ची घेतली नाही, उभ्यानेच सांगितलं. वर्गात सांगावं तसं, जेटपासून तेलाच्या ट्रेपर्यंत. मिस्त्री खोटं बोलला, असं स्पष्ट म्हणाले. एका म्हाताऱ्यानं तुमची बाजू घ्यायचा प्रयत्न केला, तर मॅडमनी त्याला फक्त आपला पाय दाखवला.

आई धाकट्याकडे असते. ढाब्यावरची बातमी माझ्याआधी तिच्यापर्यंत पोचली होती. मी पाया पडलो. तिनं पाणी दिलं. मग म्हणाली, "मेलेल्या माणसाले लोकांमंधी उभं करून तुले काय भेटलं?"

"माह्यं नाव भेटलं," मी म्हणालो.

तिनं डोळ्याला पदर लावला. तुमच्यासाठी की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही. तुमच्या फोटोला हार होता, तो मी काढला नाही आणि त्याला हातही जोडले नाहीत.

हे कागद मी कुठे पाठवणार, आणि तुमच्याकडून उत्तर काय येणार. लिहून झालं की ते वर्कशॉपच्या शेगडीत जातील. आईला वाटतं की मला आता पस्तावा होत असेल, मीही तिला तसंच वाटू दिलं. तुम्हाला मात्र खरं सांगतो. कारंजाहून परत येताना सगळा रस्ता मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं गाणी म्हणत होतो.