टमाटरचा शेंडा

१८ नोव्हेंबर
टमाटर कमरेच्या वर गेलं, पण बाजूले एक फांदी नाही! काठीसारखं सरळ. फुलं मोजून चार. शेणखत दिलं, पाणी दिलं, शिव्याही दिल्या.

रिंकी कृषी कॉलेजात शिकते, तर आता बापालेच शिकवून राहिली. म्हणे, "बाबा, वरच्या शेंड्यातून हार्मोन खाली उतरते. ऑक्झिन. ते बाजूच्या डोळ्यांले, म्हणजे बारक्या कोंबांले, फुटूच देत नाही. शेंडा खुडा!"

एवढा जोमदार शेंडा खुडू? पागल झाली का पोट्टी!

१९ नोव्हेंबर
बायकोनं, मुन्नीबाईनं, पुन्हा तेच काढलं — स्कूटी शिकायची. बचत गट, दवाखाना, माहेर, सगळीकडे मीच तर सोडून देतो! लग्न झालं तेव्हापासून! "मी आहो ना. तुले कायले पाहिजे?" म्हटलं.

२१ नोव्हेंबर
चाललो नवेगाव बांध गावाले. धाकट्या भावाकडे, केवलरामकडे, धानाची मळणी आहे. मी उभा नसलो तर त्याले काही जमत नाही. घरी बजावलं — शेंड्याले हात लावायचा नाही!

२ डिसेंबर
आलो. शेंडा गायब!

"मीच खुडला," मुन्नीबाई म्हणते. "काऊन जी, ओरडता? खाली तर पाहा."

पाहिलं. पानापानाच्या बेचक्यात फुटवे! रिंकीचं भाषण सुरू — वरचं ऑक्झिन थांबलं, मुळाकडून फुटवे काढणारं हार्मोन, सायटोकायनिन, आलं, झोपलेले डोळे जागे झाले.

तेवढ्यात शेजारचा दुलीचंद कुंपणावरून, "भैया, भाभी तो मस्त गाडी चलाती है! कल बाजार तक गई!"



३ डिसेंबर
बचत गटाची मीटिंग. म्हटलं, चालव, पाहू. तर किल्ली माझ्याच हातात दिली. "तुम्ही आले ना आता. तुम्ही मांगे असले की माझे हात कापतात जी." अन् मांगे बसली.

रस्ताभर मले चैन नाही. मी नव्हतो तर बाजारापर्यंत गेली! लाज वाटली, खरंच. संध्याकाळी टमाटरजवळ बसून राहिलो. चहा थंड झाला.

४ डिसेंबर
केवलरामचा फोन. "मळणी आटोपली दादा. आता काही काम नाही, आराम करा."

घरी सांगितलं — केवलराम बोलावून राहिला. पंधरा दिवस तरी लागतील.

बसनं जातो. किल्ली तिच्या उशाशी ठेवली.